भिवाची खोगीरभरती

मासिकात जाहिरातींच्या मधे घातलेल्या कविता, सभेत व्यासपीठ भरायला बसवलेले पाहुणे, माझ्या बायकोच्या माहेरची निम्मी मंडळी, या सगळ्यांना मी आयुष्यभर खोगीरभरती म्हणत आलो. खोगीरभरती म्हणजे उगाच घातलेली निकामी भर. आमच्या गिरगावात या शब्दाला दुसरा अर्थ नव्हता. दुसरा अर्थ मला एका कोळिणीच्या शिव्या खाताना कळला, आणि तोवर मी एका चांगल्या माणसाचं काम काढून घेऊन बसलो होतो. त्या माणसाचं नाव भिवा धोंडू तांबे.

भिवा घोडपदेवच्या चाळीत राहायचा. बायको कौसल्या गिरणीत कामाला. भिवाचे वडील पलटणीच्या घोड्यांकडे होते, त्यामुळे खरारा करणं, खूर साफ करणं, खोगीर उसवून पुन्हा शिवणं हे सगळं त्यानं लहानपणीच पाहिलेलं. पुढे शर्यतीच्या घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार म्हणून त्यानं वीस वर्षं काढली. छप्पनच्या डिसेंबरात दादर चौपाटीवर त्यानं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि त्या दिवसापासून विडी सोडली. "आता वाकायचं ते फक्त घोड्याचा खूर बघायला," असं तो म्हणायचा, आणि खरोखरच तसं वागायचा. मला ते तेव्हा उद्धटपणाचं वाटे. आता माझीच लाज वाटते.

सत्तावन्न साली डॉक्टर मेहेरबाईंनी परळला एका जुन्या पागेत पोलिओच्या मुलांसाठी घोडेस्वारीचं मंडळ काढलं. मूल घोड्यावर बसलं की घोड्याच्या चालीनं त्याची कंबर आणि पाठ आपोआप हलते, लुळ्या पायातही जोर येऊ लागतो, असं विलायतेत दिसून आलं होतं. मी मंडळाचा चिटणीस. इंग्रजी पत्रं लिहिणं हे माझं काम आणि तोच माझा माज. शर्यतीतून निवृत्त झालेली एक घोडी कुणीतरी दान दिली. तिचं कागदावरचं नाव डचेस. भिवा तिला आक्का म्हणायचा, आणि घोडी आक्का म्हटल्यावरच कान टवकारायची.

आक्काच्या पाठीवर सगळ्यात आधी बसली ती शिवडीच्या कोळीवाड्यातली मंजुळा. नऊ वर्षांची पोर, डावा पाय लुळा. तिची आई पुतळाबाई मासळीची पाटी भायखळ्याला विकून तिला कडेवर घेऊन यायची. पहिले दोन महिने पोर नुसती डावीकडे कलायची आणि रडायची. मग भिवानं काय केलं कोण जाणे, ती सरळ बसू लागली. वर्षभरात ती एका काठीवर कोळीवाडाभर हिंडू लागली. काय केलं ते मी विचारलं नाही. मी पागेत फारसा जातच नसे, लिदेच्या वासानं माझं डोकं उठायचं.

एकोणसाठच्या सुरुवातीला दुसऱ्या कुठल्याशा संस्थेत एक मूल घोड्यावरून पडलं आणि वर्तमानपत्रात गवगवा झाला. मेहेरबाई म्हणाल्या, शिकवणाऱ्यांची परीक्षा हवी, प्रमाणपत्र हवं, आणि त्याला मान्यताही हवी. प्रमाणपत्र नसेल त्यानं घोड्यावरच्या मुलाला हात लावायचा नाही. विलायतेतली एक संस्था मान्यता द्यायला तयार झाली. नियमावली लिहायचं काम माझ्याकडे आलं आणि मी अगदी फुलून गेलो. आजाराची माहिती किती हवी, घोड्याची पारख कशी तपासायची, मुलाच्या दोन्ही बाजूंना किती माणसं चालली पाहिजेत, अशी एकोणीस कलमं मी लिहिली. त्यातलं सातवं कलम असं: परीक्षा इंग्रजीत होईल, इंग्रजी न येणाऱ्यास दुभाषा मिळेल.

आता खरं सांगतो. विलायतेच्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं की शिक्षक मुलांशी ज्या भाषेत बोलतो, त्याच भाषेत परीक्षा घ्यावी. ते वाक्य मी वाचलं आणि गाळलं. मराठीतल्या परीक्षेला कोण विचारतो, असं मला वाटलं. आणि हा मी कोण, तर छप्पन साली मराठी राज्यासाठी फोर्टात मोर्च्याला गेलेला, उजव्या खांद्यावर लाठी खाल्लेला आणि तो खांदा येईल त्याला दाखवणारा! त्या लाठीनं माझा खांदा कायमचा जरा झुकला होता. भिवालाही मी तो दोनदा दाखवला होता.

भिवानं मला विचारलं, "साहेब, परीक्षा मराठीत नाय का घेता येणार?"

"अट विलायतेची आहे रे," मी म्हणालो. "आपल्या हातात काय आहे?"

त्यानं मान हलवली आणि अर्जावर धर्माच्या रकान्यात ठळक अक्षरात बौद्ध असं लिहून सही केली.

परीक्षा घ्यायला आम्ही तिघं बसलो होतो. मेहेरबाई, घोडदळातले एक निवृत्त मेजर आणि दुभाषा म्हणून मी. मेजरांना मराठी येत नव्हतं, आणि मेहेरबाईंचं मराठी 'कुठे दुखतं' आणि 'पाय वाकव' एवढ्यापुरतं. भिवा धुतलेला सदरा घालून आला होता. मेजरांनी विचारलं, एका पायानं लुळं मूल घोड्यावर एका बाजूला कलत असेल तर तुम्ही काय करता? मी मराठीत सांगितलं.

भिवा लगेच म्हणाला, "खोगीरभरती करतो, साहेब."

मला हसू फुटलं. मोठ्यानं हसलो मी. वाटलं, गडी गोंधळलाय आणि काहीतरी ठोकून देतोय. आणि मी इंग्रजीत सांगितलं की तो म्हणतो, मी काहीतरी फालतू करून वेळ मारून नेतो. मेजरांचा चेहरा कठोर झाला. भिवाला इंग्रजी कळत नव्हतं, पण माझं हसणं कळलं. तो हात पुढे करून काही दाखवू लागला, बोटांनी काही मापू लागला. मेजरांनी वही मिटली. पोराच्या कण्याची थट्टा करणाऱ्या माणसाला प्रमाणपत्र देता येणार नाही, असं ते म्हणाले.

मग दादरचा एक पदवीधर तरुण पास होऊन आला. भिवानं महिनाभर लीद काढली, लांबून मंजुळाकडे पाहिलं, आणि एक दिवस भायखळ्याच्या भाजीबाजारात हमालीला लागला. नव्या शिक्षकाला आक्काचं एक खोगीर वेडंवाकडं दिसलं. डावी बाजू फुगीर, उजवी चपटी. ते उसवून सारखं करून घ्यावं, असा कागद त्यानं पाठवला आणि मी त्यावर सही केली.

साठच्या फेब्रुवारीत पुतळाबाई माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली, कडेवर मंजुळा.

"ए चिटणीस, भिवादादाची खोगीरभरती कोनी काढली रं?"

मी म्हणालो, "कसली खोगीरभरती?"

"कसली म्हंजे? माजी पोर डावीकरं कलते म्हनून डावे बाजूला त्यानं दोन बोटं लोकर जास्त भरली व्हती. दर महिन्याला पोरीची कंबर मापून भरायचा न काढायचा. तुमी सगली सपाट केली. ही बग हिची मांडी!" तिनं पोरीचा परकर बाजूला केला. मांडी सोलून निघाली होती. "दोन महिने पोर घोड्यावं धड बसली नाय. काठी टाकून परत कडेवं आली. शिकलेली मानसं ना तुमी?"

त्यानंतर तिनं ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्याजोग्या नाहीत, पण त्यातली एकही जास्तीची नव्हती. खोगिरात भरलेली भर ती खोगीरभरती. शब्द शब्दशः खरा होता, आणि मी, शब्दांवर पोट भरणारा, त्याला हसलो होतो.

त्याच दिवशी मी मेहेरबाईंना सांगितलं की दुभाष्याचं चुकलं. अर्धंच सांगितलं. पत्रातल्या वाक्याबद्दल गप्प बसलो. सातवं कलम मी स्वतःच बदललं, 'आता विलायतेची हरकत नाही' असं सांगून. मेमध्ये राज्य झालं, गिरगावात पेढे वाटले, आणि त्याच महिन्यात भिवाची परीक्षा पागेतच, मराठीत झाली. त्यानं खोगीर उसवलं, बोटं मोजत लोकर भरली, मंजुळाला वर बसवलं. पोर सरळ बसली. मेजर उठून उभे राहिले. मराठीतलं पहिलं प्रमाणपत्र भिवाचं निघालं.

ते द्यायला मी घोडपदेवला गेलो. विलायतेचं पत्रही खिशात घेतलं होतं. ते त्याला वाचून दाखवायचं, आणि त्याला जे म्हणायचं ते ऐकून घ्यायचं, असं ठरवून गेलो होतो.

भिवानं मला भिंतीशी बसवलं, प्रमाणपत्र दोन्ही हातांनी घेतलं, वाचलं, बायकोला वाचून दाखवलं. मग शेजाऱ्यांना हाक मारली.

"हे आमचे चिटणीससाहेब," तो त्यांना म्हणाला. "विलायतेची अट होती इंग्रजीची. यांनी मराठीसाठी अंगावर लाठी खाल्ली. तशी मानसं होती म्हनून आपली परीक्षा आपल्या भाषेत झाली."

माझा हात खिशावर गेला. आता बोल, असं मी स्वतःला दोनदा म्हणालो.

भिवा माझ्याकडे जरा निरखून पाहत होता. "साहेब, तुम्ही उजवीकडं कलता," तो म्हणाला. "कौसल्या, ती गोधडी दे." त्यानं गोधडीची घडी केली, बोटांनी जाडी मापली, आणखी एक घडी वाढवली आणि ती माझ्या उजव्या खांद्यामागे नीट सारली. "आता टेका. बरं वाटतंय?"

खांद्याला खरोखरच बरं वाटलं. मी हो म्हणालो, पत्र खिशातच ठेवलं, आणि कौसल्याबाईंनी दिलेला चहा प्यालो.