भवानीच्या सुराखालचा कॉर्ड

आमचा गिरिधर कुंभकोणमच्या बसस्टँडमागे मुलांना पियानो शिकवतो. मी त्याची चुलत बहीण, तेव्हा नावं ठेवायचा हक्क माझा. मोबाइलवर बघून बघून तो जॅझचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे सुरांचे गुच्छ, शिकला. साध्या तीन सुरांच्या कॉर्डात चौथा घालायचा, पाचवा घालायचा. मी म्हणायची, "नाचियारकोविलची बस तिरुभुवनमवरून वळसा घालून कशाला नेतोस रे?" तो नुसता हसायचा. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

गेल्या वर्षी त्याच्या बायकोला, भवानीला, अर्धांगवायूचा झटका आला. हातपाय सावरले, गळा मात्र रुसला. ओळीच्या शेवटचा वरचा सा लागता लागता आवाज अलीकडच्या नीवरच बसायचा. पट्टी उतरवली तरी तेच. तिनं गाणंच सोडलं, आणि त्यातच अक्षयाचं, त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, लग्न ठरलं. आमच्या घरात नवरानवरीला झोपाळ्यावर बसवून नवरीची आई लाली, म्हणजे झोपाळ्याचं गाणं, म्हणते.

"मज सूर लागेना. दुसऱ्या कोणास सांगा," भवानी म्हणाली.

"अम्मा म्हणणार नाहीं तर मी झोपाळ्यावर बसणारच नाहीं," अक्षया म्हणाली. दोघी सारख्याच हट्टी.

गिरिधर समजूत घालत बसला नाही. त्यानं लालीचे कॉर्ड नव्यानं लिहायला घेतले. पूर्वी तो शेवटी वरचा सा ठणकावून वाजवायचा. त्याच्याशी भवानीचा नी घासायचा, कानाला बोचायचा. आता त्यानं तो सा काढून टाकला. नी कॉर्डातच घेतला, आणि कानाला सवय व्हावी म्हणून पहिल्या ओळीपासूनच असे मऊ सूर पेरत आणले. मग शेवटचा नी घरच्या माणसासारखा येऊन बसला.

"अक्का, तिला सापर्यंत ओढायचं कशाला?" तो मला म्हणाला. "ती थांबते तिथं आपण जाऊं."

माझी थट्टा तिथंच विरली. असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

लेकीच्या हट्टापुढं भवानी अखेर कबूल झाली. लग्नात गिरिधर पियानोशी बसला, झोपाळा हलला. मुठीत पदर गच्च धरून भवानीनं सुरुवात केली. ओळीच्या शेवटी आवाज नीवर आला, तशी ती दचकली; आता थांबणार असं मला वाटलं. पण खालचा कॉर्ड तिच्या कानावर आला. तिनं गिरिधरकडे पाहिलं, आणि सूर सोडला नाही. लांबवला, खूप लांबवला. मला रडू आवरेना.

लाली संपली. भटजी मुहूर्त, मुहूर्त करत घाईनं पुढं आले.

"थांबा कीं हो," भवानी म्हणाली. "अजून एक म्हणतें."