फिरवलेला खण

इथे परदेशात क्वीन्सटाउनचा फ्लॅट घेतला तेव्हा हॉलच्या खिडकीला आधीच्या मालकांचे करडे पडदे होते. करडा रंग मला डोळ्यांसमोर नको असतो. तरी आज काढू, उद्या काढू करत ते आठ वर्षं लटकले. आई गेल्यावर मात्र मी ते एका दुपारी ओढून काढले आणि ठरवलं, या खिडकीला आता आईचे खण लावायचे.

खण म्हणजे तिनं ओटीत घातलेले. पुण्याहून निघताना दर खेपेला ती माझी ओटी भरायची. मी विमानासाठी जीन्समध्ये, पदराचा पत्ता नाही. मग ती "कसली बाई सोंगं तुमची" म्हणत माझ्या हातांवर टॉवेल पसरायची आणि त्यात तांदूळ, नारळ, खण घालायची. तांदूळ, नारळ तिथंच राहायचे. नारळाच्या वड्या बाबा खायचे. माझ्याबरोबर यायचा तो फक्त खण. त्याच्या कोपऱ्याला तिनं हळदकुंकू लावलेलं असायचं, आणि कुंकवाचं बोट तिचं नेहमी जरा जास्तच टेकायचं.

आपल्याकडे ओटीतले ब्लाउजपीस सहसा कोणी शिवत नाही. एकीच्या ओटीतला दुसरीच्या ओटीत जातो आणि दोन वर्षांनी घडीसकट आपल्याच घरी परत येतो. आईला याचा भारी राग. माझ्यासाठी खण घ्यायचा तर ती दुकानदाराला सगळा गठ्ठा उलगडायला लावायची. कुठल्या बुट्ट्याला कुठला काठ शोभतो यावर त्याच्याशी वाद घालायची. आणि मला दर वेळी तेच सांगायची, "कपाटाला नेसवायला देत नाही मी खण. एक तरी शीव. अंगावर बघू दे मला."

मी हो म्हणायचे. शिवला एकही नाही. इथे घालणार कुठे, चांगला टेलर मिळत नाही, आधी वजन कमी करते. सबबी काय, पैशाला पासरी.

आई गेली तेव्हा तेरा दिवस राहून मी परत निघाले. बाबा दारात नारळ घेऊन उभे होते. ओटी भरणं हे काही त्यांचं काम नव्हे, पण लेक तशीच कशी जाऊ द्यायची हेही त्यांना सुचत नव्हतं. शेवटी मीच तो नारळ त्यांच्या हातातून घेतला आणि पुन्हा त्यांच्याच हातात दिला.

तर त्या दुपारी मी सगळे खण हॉलभर फरशीवर मांडले. चौकडी, कोयऱ्या, बारीक ठिपके, मोरपंखी, डाळिंबी, आमसुली. घर एकदम माणसात आल्यासारखं वाटलं. लेक शाळेतून आली, दारातच थबकली. "आई, जस्ट गेट ब्लाइंड्स लाह," इथल्या पोरांसारखा शेवटी 'लाह' लावत म्हणाली आणि खणांवर पाय पडू न देता कडेकडेनं आत गेली.

मोजले तर सतरा. हवे होते अठरा. आईनं दिलेला शेवटचा खण त्यात नव्हता. वांगी रंगाचा, हिरव्या काठाचा, त्यावर पिवळे बारीक बुट्टे.

तो कुठे गेला हे मला शोधावं लागलंच नाही. माझ्याकडच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायका मोजून ब्लाउजपीस काढून ठेवले होते, आणि बुकित पंजांगची एक मैत्रीण ऐनवेळी आली. तिला रिकामं कसं पाठवायचं? मी कपाट उघडलं, वर होता तो खण दिला. चुकून नव्हे, कळून. मनात म्हटलंसुद्धा, आई पुढच्या खेपेला दुसरा देईलच.

मैत्रिणीला फोन केला. "अगं, तो मी चैत्रात दिला," म्हणाली. मरीन परेडला राहणाऱ्या, आमच्याहून वयानं मोठ्या एका ताईंना. मी तशीच उठून त्यांच्याकडे गेले. चहा होईपर्यंतसुद्धा दम निघाला नाही, गेल्या गेल्याच विचारलं.

ताई आत गेल्या आणि ब्लाउज घेऊन आल्या. शिवलेला. "इतका देखणा खण फिरवायला जीवच होईना," त्या म्हणाल्या. "कुंकवाचा डाग होता एक, निघेना. टेलरला म्हटलं, तेवढा शिवणीत आत घे."

मी ब्लाउज उलटा केला. खांद्याच्या शिवणीत आईचं बोट होतं. मला रडू फुटलं. परक्याच्या घरी, हातात त्यांचा ब्लाउज घेऊन, मी लहान मुलीसारखी रडले. ताई घाबरल्या. सगळं ऐकल्यावर म्हणाल्या, "थांब, उसवून देते."

"नको, ताई. तुम्ही घाला. तिला तेच हवं होतं."

परत येताना स्वतःचा फार राग आला. आईनं अठरा वेळा सांगितलेलं ताईंनी न सांगता केलं होतं, आणि मी उरलेले सतराच्या सतरा खिडकीला टांगायला निघाले होते.

पडदे झाले, दोन. एकेकात आठ आठ खण. सकाळी ऊन त्यांतून येतं आणि फरशीवर रंग सांडतात. लेकीनं फोटो काढून मैत्रिणींना पाठवले. सतरावा खण, डाळिंबी, घेऊन मी टेक्काच्या बाजारातल्या टेलरकडे गेले. मापं देताना पोट आत घेतलं नाही. कधीपर्यंत हवाय, त्यानं विचारलं. सवयीनं लवकर म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं, दाखवायचा कुणाला?

घाई नाही, म्हणाले.