शेळीचा पाय

सिनेमा बघून कुणाचं करिअर ठरलंय असं आमच्या घरात माझ्याआधी कधी झालं नव्हतं. माझ्यानंतरही होणार नाही, कारण बाबांनी डीव्हीडी प्लेअर आता आत्याला देऊन टाकलाय.

तर झालं असं. मी तेव्हा हिंजवडीला एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर होते. (आई शेजारीपाजारी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगायची, जणू मी रोज जाऊन त्याच्या आतच बसते.) पगार बरा, कंपनीची बस खडकीत आमच्या क्वार्टर्सच्या कोपऱ्यावर यायची, कॅन्टीनला इडली फुकट. फक्त मला ते सगळं नको होतं. मला नोकरी सोडून फिल्म एडिटिंगचा कोर्स करायचा होता. हे मी जेवताना जाहीर केलं आणि आई तव्यावरची पोळी विसरली.

बाबा खडकीच्याच फॅक्टरीत, इन्स्पेक्शनला. कुठलीही वस्तू उलटसुलट करून बघितल्याशिवाय ते मत देत नाहीत. ओरडले वगैरे अजिबात नाहीत. म्हणाले, "तुला जो ग्रेट वाटतो असा एक सिनेमा आम्हाला दाखव. आम्हाला त्यात काही दिसलं तर खुशाल दे राजीनामा. नाही दिसलं तर हा विषय बंद."

रविवारची दुपार ठरली. बाबांनी झोप रद्द केली. म्हणजे बघा, मामला किती सिरियस!

आता दाखवायचं काय? माझं स्पष्ट मत सांगते. हॉरर हा सगळ्यात सरळ सिनेमा. घाबरवतो म्हणतो आणि घाबरवतो. (पण आईला एकदा दाखवला होता, तर भुताकडे बघून म्हणाली, "किती वाळलीय पोर.") स्पेसवाले सिनेमे म्हणजे माझा जीव की प्राण, पण बाबा यानाचे नटबोल्ट तपासत बसले असते. मारामारीच्या सिनेमांना लोक चारचौघांत नावं ठेवतात आणि घरी मिटक्या मारत बघतात, त्यामुळे माझा त्यांना फुल सपोर्ट. पण पुरस्कारवाले, कमी पैशातले, कुणी कुणाशी न बोलणारे इंडिपेंडंट सिनेमे! खरं सांगू? त्यातले निम्मे मलाही कळायचे नाहीत. पण न कळता आवडणं ही आमच्या ग्रुपमध्ये तेव्हा फार मोठी डिग्री होती.

मग मी अर्थातच तसलाच निवडला. ऑफिसातल्या मित्रानं राइट करून दिलेली डिस्क. कुठल्यातरी थंड देशातला एक म्हातारा, त्याचं घर आणि त्याची शेळी. बस, एवढंच.

सिनेमा सुरू झाला. स्क्रीनवर एक बंद दार. दार बंदच. अजून बंद. बाबा शांतपणे उठले, डिस्क बाहेर काढली, तिच्यावर हा हा करून वाफ सोडली आणि बनियनला पुसायला लागले.

"बाबा, काय करताय!"

"अडकली होती."

"अडकली नव्हती, तो शॉट आहे!"

"दाराचा?"

"हो."

"उघडणार आहे का ते पुढे?"

"ते महत्त्वाचं नाहीये!"

पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा दार. मग म्हातारा बटाटा सोलायला बसला. एकच बटाटा. आता आईनं विचारलं की अडकली का गं, आणि माझं डोकंच सरकलं. मी दोघांना लेक्चर दिलं. आपल्याकडे कुणी शिंकलं तरी तीन बाजूंनी दाखवतात, हा दिग्दर्शक मात्र आपल्यावर विश्वास टाकतोय, तेव्हा जरा थांबायला शिका, यापुढे अडकली हा शब्द या घरात नको. दोघं शाळेतल्यासारखी हाताची घडी घालून बसली.

तेवढ्यात समोरच्या पाटणकर काकू विरजण मागायला आल्या. टीव्हीकडे बघून म्हणाल्या, "अडकलाय वाटतं."

आई त्यांना गंभीरपणे म्हणाली, "नाही हो, शॉट आहे."

माझे डोळे भरून आले. काकूही वाटी मांडीवर घेऊन बसल्या.

आणि मग तो शॉट आला. म्हातारा पायरीवर बसलाय, रस्त्याकडे बघतोय. बाजूला शेळी, पुढचा एक पाय उचललेला. आवाज नाही, हालचाल नाही. बराच वेळ गेला. कुणीही तो शब्द काढला नाही. मी हळूच म्हटलं, "आता फक्त बघा."

बाबा पुढे झुकले. म्हणाले, "पोरगा शहरात गेला असणार याचा."

"यायचा नाही आता तो," आई म्हणाली. काकूंनी नाक ओढलं.

थोड्या वेळानं बाबा हळू आवाजात म्हणाले, "असं असतं होय हे. मला वाटायचं, नुसतीच थेरं." बाबांच्या तोंडून हे! मी मनातल्या मनात राजीनामा टाइप करायला घेतला, अगदी "रिस्पेक्टेड सर"पर्यंत पोचलेसुद्धा. आणि तिथेच माझी जीभ सुटली. म्हटलं, बघा, पापणीसुद्धा हलत नाहीये, याला म्हणतात अभिनय! आपल्या हिरोंना असं नुसतं बसायला सांगा, जमेल का?

"म्हातारा राहू दे," आई म्हणाली. "ती शेळी पाय खाली का ठेवत नाही?"

"आई, शेळीकडे नको ना बघूस."

"अगं पण दमली असेल ती."

"शेळी म्हणजे त्याची अस्वस्थता आहे! तो अधांतरी आहे, म्हणून तिचा पाय अधांतरी."

"ट्रेनिंग दिलं असेल हो," काकू आईला म्हणाल्या.

बाबा उठले, चष्मा कपाळावर सरकवला आणि वाकून प्लेअरकडे बघायला लागले. फॅक्टरीतला चेहरा.

"मनू, सिनेमा चालू असताना हा इथला आकडा पुढे सरकतो ना?"

"हो."

"मग हा पण अस्वस्थ आहे का?"

त्यांनी डिस्क काढून उजेडात धरली, तर तिच्यावर हा एवढा ओरखडा होता. बनियनला पुसून जाण्यातला नव्हता. काकूंना एकदम विरजणाची आठवण झाली. आई पदरात तोंड खुपसून हसत होती. बाबा हसत नव्हते, ते जास्त वाईट होतं.

"मनू," ते म्हणाले, "तुझं ऑफिसातलं काम म्हणजे नेमकं काय गं? मी कधी नीट विचारलंच नाही."

"टेस्टिंग."

"म्हणजे काय करायचं?"

मी फरशीकडे बघितलं. "प्रोग्राम कुठे अडकतो ते शोधायचं."

बाबांनी डिस्क कव्हरमध्ये घालून माझ्या हातात दिली आणि झोपायला उशी काढली.

"मग राजीनाम्याची घाई नको करूस," ते म्हणाले. "हे त्यांना कळलं की तेच मोकळं करतील तुला."