दोन बोटं जास्त

नारायण पेठेत आमचं सुतारकामाचं दुकान आहे. पाट, चौरंग, देव्हारे, असली कामं. यांचा उजवा हात आणि पाय अर्धांगवायूनं गेला, तेव्हा दुकानाला कुलूप घालायचं की करवत मी धरायची, एवढंच ठरवायचं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत. पण लग्न झाल्यापासून यांच्या बाजूला बसून रंधा मारलेला, पॉलिश पेपर घासलेला. मी करवत धरली. हे दारात खुर्ची टाकून चुका काढू लागले.

"अगं, पाट करतेस की होडी?"

"तुम्हाला बसायचंय का त्याच्यावर? नाही ना? मग गप्प बसा."

असं आमचं चालतं.

झुलत्या खुर्च्यांचं काम एका बाईंनी आणलं. त्या विशेष मुलांच्या शाळेत मुलांकडून व्यायाम करून घेतात. काही मुलांना मान धरता येत नाही. कुणाचं अंग लाकडासारखं ताठ, कुणाचं अगदी लोळागोळा. विकतच्या खुर्चीत ती बसत नाहीत, घसरतात. म्हणून प्रत्येकाच्या अंगाच्या मापानं वेगळी खुर्ची करायची. खाली दोन वाकड्या पट्ट्या, त्यांच्यावर ती डुलते. हळूहळू डुललं की ताठ अंग सैल पडतं. दोन्ही बाजूंना फळ्या, छातीला पट्टा, मांड्यांच्या मधे ठोकळा. बाईंनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी बजावल्या. एक, माप म्हणजे माप, बोटभरही इकडेतिकडे नको. दोन, खुर्ची आधी शाळेत आणायची, त्या मुलाला बसवून बघणार, मगच घरी न्यायची.

टेपवरचे आकडे मला वाचता येतात, पण माझा भरवसा दोऱ्यावर. पोराच्या पाठीपासून गुडघ्याच्या मागपर्यंत दोरा धरायचा, तिथं गाठ मारायची, गाठीवर बैठकीची फळी कापायची. एका मुलाचा एक दोरा. काम झालं की भिंतीवरच्या खिळ्याला टांगायचा. अशा सात-आठ खुर्च्या मी केल्या. यांनी नावं ठेवली नाहीत, म्हणजे चांगल्या झाल्या असणार.

मग ती मुलगी आली. वय तीन, दिसायला दीड वर्षाची. आई यवतमाळकडची, नवरा कारखान्यात, कात्रजला भाड्याची खोली. लेकीला मांडीवर आडवी धरून भरवायची आणि घासाघासाला पोरीला ठसका लागायचा. बाईंनी तिला सांगितलं होतं, सरळ बसवून भरवलं तर तोंडानं खाईल, नाहीतर नळी घालायची पाळी येईल. तेवढ्यासाठी ती दोन बस बदलून माझ्याकडे आली होती.

"आजी, तिला कढी लय आवडते. जिभेला लागली की हसते."

मी माप घेतलं, गाठ मारली. ती निघता निघता म्हणाली, "दोन बोटं मोठीच करा नं आजी. वाढत्या अंगाची. पुढच्या साली पुन्हा कुठं करत बसता?"

मला ते पटलं. माझ्या पोरांना मी कधी अंगाबरोबर कपडा शिवला नाही. गणवेश दोन वर्षं चालला पाहिजे, बुटात पुढे कापूस. एकदा थोरल्याचा सदरा नेमका बसला, तर सासूबाई म्हणाल्या, "पोराची वाढ खुंटवतेस का?" ते डोक्यात बसलेलं.

मी गाठीच्या पुढे दोन बोटं धरून रेघ मारली. हे बघत होते.

"गाठ तिथं आहे आणि रेघ इथं?"

"वाढतं लेकरू आहे."

"खुर्ची आहे ती. परकर नाही."

मी ऐकलं नाही. खुर्ची झाली तेव्हा शाळेला सुट्टी होती, बाई गावाला गेलेल्या. आईला धीर नव्हता. मी म्हटलं, ने, पाठीला एक उशी लाव, पोर वाढली की काढून टाक. शहाणपणा सगळा माझा.

उशी दबली. पोर रोज थोडी थोडी खाली घसरायची, हनुवटी छातीला टेकायची. आईला वाटायचं, खुर्चीत आहे म्हणजे सरळच आहे. आठवड्याभरात एका दुपारी कढी-भात श्वासनळीत गेला. पोर निळी पडली. पंधरा-वीस दिवस दवाखान्यात होती. परत आली ती नाकात नळी घेऊन. पुढे ती नळी पोटाला लावली. तोंडानं काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा नाही.

डॉक्टर म्हणाले, अशा मुलांचं हे कधीतरी होतंच. व्यायामाच्या बाईही तेच म्हणाल्या. शिकलेली माणसं आहेत, त्यांचं खरं असेल. पण रेघ कुणी मारली ते मला माहीत आहे.

मी खुर्ची परत आणली, बैठकीची दोन बोटं फळी कापून टाकली, पाठ पुढे घेऊन बसवली. शाळेत बाईंनी पोरीला बसवून बघितलं. मग मी स्वतः कात्रजला पोचवायला गेले. पोर त्यात ताठ बसली, मान मधोमध. तशी ती पहिल्या दिवशी बसायला हवी होती. आईनं खुर्चीला हलकासा झोका दिला आणि नळीतून दूध सोडलं. पोर छताकडे बघत डुलत होती. आईनं मला चहा केला. मी चहा प्यायले आणि बस धरली.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात ती पोरीला कडेवर घेऊन दुकानात आली.

"आजी, आता खुर्ची मोठी करायची वेळ झाली असंल नं?"

मी खिळ्यावरून तिचा जुना दोरा काढला. पाठीला टोक लावलं, गुडघ्याच्या मागे ताणला. गाठ बरोबर तिथंच आली.

"नाही वाढली," मी म्हणाले.

"गाठ सरकली असंल."

"गाठ सरकत नाही गं."

"पुन्हा बघा नं."

पुन्हा बघितलं. मग तिनं स्वतः दोरा धरून बघितला. एरवी यांना टोमणा मारायला निमित्त लागत नाही. त्या दिवशी हे रस्त्याकडे तोंड करून बसले.

तिनं पोरीला खांद्यावर घेतलं, तिची मान आपल्या मानेशी टेकवली. म्हणाली, "ती कापलेली फळी ठेवली का तुम्ही? वाढली की तीच जोडता येईल."

मी जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले नाही. लोक मला त्यासाठी टाळतात.

"ठेवली आहे," मी म्हणाले.

ती फळी मी कापली त्याच दिवशी पाणी तापवायच्या बंबात घातली होती.

"सांभाळून ठेवजा," ती म्हणाली आणि बसला गेली.

हे म्हणाले, "सागाची दोन बोटं रुंद अशी एक पट्टी काप. ती परत विचारेल."

मी कापली. पॉलिश पेपरनं घासली. तिच्या दोऱ्याखाली भिंतीला टेकवून ठेवली आहे. लागणार नाही.