पेवातली ज्वारी आणि सरांचं इंग्रजी

आज धाराशिवच्या एका कॉलेजात चर्चासत्राला गेले होते. विषय, निजामाच्या काळातली धान्याची सक्तीची वसुली. प्राध्यापकांनी थाटात इंग्रजी निबंध वाचला. सार एवढंच: शेतकऱ्यांकडं धान्य अगदीच नसावं, असं म्हणता येणार नाही.

मी विचारलं, "सर, धान्य होतं का नव्हतं?"

"दोन्ही अर्थ निघू शकतात," ते हसून म्हणाले. सभागृहानं माना डोलावल्या.

त्याच काळात बेंबळी गावात माझ्या आजोबांनी गोठ्यात जमिनीखालच्या पेवात ज्वारी लपवली होती. वर म्हैस बांधलेली. वसुलीला अंमलदार आला की म्हणायचे, "दाणा न्हाय, साहेब."

खोटं बोलले, पण साफ बोलले. घरात लेकरं होती, ती जगवायची होती.

सरांच्या मागं कोणता अंमलदार लागलाय, कुणाला ठाऊक आहे का?