ताईंनी गाडी बदलली

"आधी पाय टेक, मग बोल."

कुणीही गाडी थांबवता थांबवता बोलायला लागलं की त्या एवढंच म्हणायच्या. मग हेल्मेट काढायच्या आणि आत बोट घालून काहीतरी शोधायला लागायच्या. टिकली. ती दर वेळी हेल्मेटच्या अस्तराला चिकटून बसायची. सापडली की ती कपाळावर परत दाबून लावायच्या आणि मग समोरच्याकडे बघून म्हणायच्या, "हां, आता सांग."

तुम्ही खांदेश्वर स्टेशनाबाहेर रविवारी सकाळी चहा प्यायला असाल, तर कदाचित त्यांना पाहिलंही असेल. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, कुडत्यावर काळं जॅकेट घातलेली बाई आणि शेजारी तिच्या कमरेइतकी उंच, जड, धडधडणारी मोटरसायकल. तिथे दर रविवारी जमून गाड्यांवर लांब जाणाऱ्या आम्ही सगळ्या त्यांना ताई म्हणायचो. न्हावा शेव्याला बंदरात उतरलेला माल कस्टममधून सोडवून देणाऱ्या एका ऑफिसात त्या काम करायच्या आणि रोज त्याच गाडीवरून कामावर जायच्या. मूळच्या कऱ्हाडकडच्या. चिडल्या की "लय" आणि "न्हाय" बाहेर यायचं, एरवी आपल्यासारखंच बोलणं.

आम्हा सहाजणींना जड गाडी चालवायला त्यांनीच शिकवलं. उलव्याच्या मोकळ्या प्लॉटवर. मी बँकेत नोकरी करणारी, आयुष्यभर स्कूटर चालवलेली. माझ्या हातून गाडी आडवी झाली की त्या धावत यायच्या नाहीत. लांबूनच म्हणायच्या, "पडलीस ना? बरं झालं. आता उचलायला शिक." त्यांचे मिस्टर मात्र त्यांच्या मागे कधी बसले नाहीत. कुठे लग्नाला जायचं असलं तर ताई गाडीवर आणि ते बसने. "त्यांचा माझ्यावर विश्वास आहे," त्या म्हणायच्या, "पण लांबून."

आमच्यात सगळ्यात धीट सुजाता. वाशीच्या धान्य बाजारात वडिलांचा गाळा ती सांभाळते. दिवसभर हमाल आणि व्यापारी यांच्याशी बोलून बोलून आवाज चढलेला. तिने ताईंसारखीच गाडी घेतली होती, त्याच रंगाची. नंबरसुद्धा जवळचा मिळावा म्हणून खटपट केली होती. ताईंवर तिचा जीव होता आणि जीव असला की माणूस जरा हक्कानेच वागतं.

तर एकदा असं झालं. मला कामासाठी आमच्या उरणच्या शाखेत जायचं होतं. बंदराचा रस्ता म्हणजे कंटेनर लादलेल्या ट्रेलरची रांग. ताई म्हणाल्या, "माझ्या मागे ये. मी जाते तशी जा." त्या पुढे, मी मागे. दोन्ही बाजूंना ट्रेलर, मध्ये आम्ही दोघी, जणू भिंतींच्या बोळातून चाललो होतो. अशा वेळी एकतर वेग वाढवून पुढे सटकायचं, नाहीतर मागे व्हायचं, हे त्यांनीच आम्हाला शिकवलेलं. ताईंनी दोन्ही केलं नाही. त्यांचा वेग कमी कमी होत गेला. मागचा लाल दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. मधल्या लेनमध्ये, चालत्या वाहतुकीत, त्या थांबल्या.

मी कशी थांबले ते मला सांगता येणार नाही. माझ्या मागे ट्रेलरचा भोंगा वाजला. मी गाडी स्टँडवर टाकून, दोन्ही हात वर करून त्याच्यासमोर उभी राहिले. ब्रेकचा फुस्सकन आवाज आला आणि तो अजस्र डबा माझ्यापासून थोड्याच अंतरावर थांबला. ड्रायव्हर वरून ओरडला, "मरना है क्या, मॅडम?"

मी पळत ताईंजवळ गेले. त्यांची गाडी चालूच होती. हात हँडलवर आवळलेले, डोळे उघडे, पण त्या काहीच बघत नव्हत्या. मी म्हटलं, "ताई, गाडी बंद करा."

ते ऐकलं आणि त्या थरथरायला लागल्या. दात वाजत होते. मीच हात घालून किल्ली फिरवली. ओरडणारा ड्रायव्हर खाली उतरला, त्याने आणि मी मिळून दोन्ही गाड्या कडेला घेतल्या, आणि त्याने केबिनमधली पाण्याची बाटली आणून ताईंच्या हातात दिली. "दीदी, पहले बैठ जाओ," म्हणाला. मघाचाच माणूस.

ताई कडेला मातीत बसल्या. पाणी प्यायल्या. मग सांगायला लागल्या.

"मागच्या महिन्यात इथेच, थोडं पुढे. एक जोडपं होतं. आपल्यासारखीच गाडी. ट्रेलरच्या मागच्या चाकाला लागले. तो लांब फेकला गेला, उठून बसला. ती गाडीखाली. गाडी आडवी पडलेली, पण चालूच. धड धड धड. मी तिच्याजवळ बसले. ती मला म्हणते, 'ताई, गाडी बंद करा ना.' मी किल्ली शोधते, सापडेना. हँडल पार वाकलेलं. तिचं आपलं एकच, गाडी बंद करा ना, गाडी बंद करा ना. शेवटी किल्ली लागली हाताला. गाडी बंद झाली."

त्यांनी बाटलीचं झाकण लावलं.

"आणि ती पण."

शेजारून ट्रेलर जात होते, धूळ उडत होती.

"तेव्हापासून ही धडधड ऐकली की मला किल्ली सापडत नाही," त्या म्हणाल्या. "महिनाभर रेटलं कसंबसं. कुणाला सांगू नकोस. शिकवणारीच घाबरली म्हटल्यावर पोरी गाडीवर बसायच्या न्हाईत."

पुढच्याच रविवारी त्या खांदेश्वरला आल्या त्या शंभर सीसीच्या हलक्या गाडीवर. दूधवाले वापरतात तसली. आवाज शिवणयंत्रासारखा. आम्ही काही म्हणायच्या आत त्यांनीच विचारलं, "दूध कुणाकडे किती टाकू?" सगळ्या हसल्या. सुजाता हसली नाही.

"जुनी कुठंय?"

"विकली."

"कुणाला? ताई, मला तरी सांगायचं! मी घेतली असती."

"म्हणून तर नाही सांगितलं. गुडघा दुखतो गं माझा. वजन झेपत नाही."

सुजाताला ते पटलं नाही. आदल्या महिन्यापर्यंत तीच बाई आमच्या पडलेल्या गाड्या एका हाताने उचलत होती.

मग सुरू झालं ते मला बघवेना. राइडला ताई यायच्या, पण खूप मागे राहायच्या. आम्ही थांबायचो तिथे त्या यायच्याच, पण आमचा चहा संपता संपता. गाडी लांब लावायच्या. निघायची वेळ झाली, कुणी स्टार्टर दाबला, की त्यांना काहीतरी आठवायचं. पाण्याची बाटली आणायची असायची, फोन करायचा असायचा. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असता, बाई आता कंटाळली, केवळ भिडेखातर येते. आमच्यातल्या बाकीच्यांनी तेच म्हटलं. छोट्या गाडीमुळे सगळ्यांचा वेळ जातो, फोटोत त्या नसतात, त्यांना आपल्यात रस उरला नाही. मला खरं माहीत होतं आणि मी शब्द दिला होता.

ताम्हिणी घाटातून पुण्याकडे जायचं टपरीवर ठरत होतं तेव्हा सुजाताने तोंड उघडलं.

"ताई, राग मानू नका. पण ह्या राइडला तुम्ही नका येऊ."

ताई हेल्मेटमध्ये टिकली शोधत होत्या. शोधतच राहिल्या.

"का गं?"

"घाट आहे. तुमची गाडी चढणार हळू. आम्ही किती थांबायचं? आणि तुम्हाला तरी कुठे आमच्यासोबत राहायचंय? तुम्ही लांब लांबच असता. आम्हाला कळत नाही काय?"

"येणार मी," ताई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही पुढे व्हा. माझ्यासाठी थांबू नका."

"थांबणारच नाही," सुजाता म्हणाली. आवाज फाटला होता तिचा.

घाटाच्या माथ्यावर आम्ही थांबलोच. सुजाताच आधी थांबली. हेल्मेट टाकीवर आपटून येरझारा घालायला लागली. "बघा, बोलले होते की नाही?" हे तिचं दर थोड्या वेळाने चाललं होतं. फोनला रेंज नव्हती. दुसराच एक मोठा ग्रुप खालून वर आला, पंचवीस-तीस जड गाड्या, घाट हादरवत निघून गेला. त्यांच्यातल्या मागे राहिलेल्या एकाला विचारलं, मागे छोट्या गाडीवर एक बाई दिसली का? त्याने खांदे उडवले.

आणखी थोडा वेळ गेला. सुजाताची बडबड बंद झाली. ती दरीकडे बघायला लागली. मग एकदम माझ्याकडे वळून म्हणाली, "चल. खाली जाऊ." चेहरा पांढरा पडला होता.

बाकीच्या वरच थांबल्या. प्रत्येक वळणावर मी दरीच्या कठड्याकडे बघत होते. कुठे तुटलाय का. कुठे घसरल्याची खूण आहे का. बरंच खाली आल्यावर ती दूधवाली गाडी दिसली. व्यवस्थित स्टँडवर. शेजारी दगडावर ताई बसलेल्या, हेल्मेट मांडीवर. आमच्या गाड्यांचा आवाज आला तशा त्यांनी दोन्ही हातांनी कान घट्ट झाकले. लहान मूल फटाक्यांना घाबरून झाकतं तसे.

सुजाताने ते पाहिलं. तरी ती गाडी त्यांच्या पुढ्यात नेऊन, चालूच ठेवून ओरडली, "काय झालं? पडलात का?"

"गाडी बंद कर, सुजाता."

"आधी सांगा, लागलंय का कुठे—"

"गाडी बंद कर!"

ताईंना ओरडताना आम्ही कधीच ऐकलं नव्हतं. सुजाताने चाचपडत किल्ली फिरवली. घाटात नुसतं कुठेतरी पाणी पडत होतं. तो मोठा ग्रुप ताईंना चहूबाजूंनी घेरून पुढे गेला होता. कशीबशी गाडी कडेला लावून त्या तिथेच बसल्या होत्या.

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं. माझ्याकडे न बघता, एका दमात.

सुजाता रस्त्यावरच उकिडवी बसली. तिने विचारलं, "म्हणजे माझ्या गाडीचा आवाज पण?"

"हो."

"दर रविवारी?"

"हो गं."

"मग कशाला येत होतात मरायला?"

ताईंना हसू आलं. डोळे पुसत म्हणाल्या, "मग काय घरी बसू? ह्यांच्यासोबत टीव्ही बघू?"

सुजाताने माफी मागितली नाही. तो तिचा स्वभाव नाही. पण त्या दिवसापासून राइडची रीत बदलली. ताई सगळ्यांच्या आधी निघायच्या, एकट्या. त्या पुरेशा लांब गेल्या असं सुजाताला वाटेपर्यंत ती कुणालाही गाडी सुरू करू द्यायची नाही. कुणी घाई केली की म्हणायची, "पळायचंय तर एकटीने पळ." पुढच्या थांब्यावर आम्ही पोहोचायचो तेव्हा ताईंनी सगळ्यांसाठी चहा सांगून ठेवलेला असायचा. फोटोत त्या परत आल्या.

एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. एका रविवारी उलव्याच्या प्लॉटवर आम्हाला बोलावलं आणि सुजाताला म्हणाल्या, "तुझी गाडी चालू कर. मी इथे उभी राहते."

"नको ताई. टेन्शन येतं मला."

"तुला? चालू कर म्हणते ना."

गाडी धडधडायला लागली. ताई मुठी आवळून उभ्या होत्या. कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे झाले. सुजाताचा हात किल्लीवरच होता. मग ताई एकदम वळल्या आणि चालत, जवळजवळ पळतच, प्लॉटच्या टोकाला गेल्या. आमच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "पुढच्या रविवारी परत."

असे बरेच रविवार गेले. त्या पूर्ण बऱ्या झाल्या असं मी म्हणणार नाही. एखाद्या दिवशी लगेच हात वर करून बंद करायला लावायच्या. पण हळूहळू त्या गाडीशेजारी उभ्या राहून बोलू लागल्या. एकदा तर सुजाता प्लॉटला चक्कर मारून आली, तेव्हा गाडीचा आवाज ऐकून म्हणाल्या, "चेन सैल झालीय तुझी, बघ जरा." सुजाता मान फिरवून रडली. चेन खरंच सैल होती.

जड गाडी त्यांनी परत घेतली नाही. "ही बरी आहे. एका टाकीत कऱ्हाड येतं," म्हणायच्या. आणि शेवटी कऱ्हाडलाच निघाल्या. मिस्टरांनी गावाकडे घर बांधलं होतं, ते आधीच सामान घेऊन टेम्पोने गेले होते. ताई अर्थातच गाडीवर जाणार होत्या.

आम्ही त्यांना खोपोलीपर्यंत सोडायला गेलो, जुन्या पुणे रस्त्याने. नेहमीसारखं त्यांनी आधी निघावं म्हणून आम्ही थांबलो होतो. त्या निघेनात. "या की बरोबर," म्हणाल्या. पनवेल सुटल्यावर त्यांची ती लहानशी गाडी मध्ये आणि आमच्या सहा भोवती, अशा आम्ही गेलो. आरशात मला त्यांची मान ताठ दिसत होती आणि कोपर शरीराला घट्ट चिकटवलेले. एका ठिकाणी त्या हळू झाल्या. पण त्या परत वेगात आल्या.

घाटाच्या पायथ्याशी सगळ्या उतरलो. मिठ्या मारून झाल्या. ताईंनी गाडी चालू केली, तेवढ्यात सुजाताने हेल्मेट घातलं.

"तू कुठे निघालीस?"

"वरपर्यंत येते."

ताईंनी तिच्याकडे बघितलं. क्षणभर मला वाटलं, नको म्हणतील. मग म्हणाल्या, "डाव्या बाजूने ये. माझ्या शेजारी."

दोघी पहिल्या वळणाला दिसेनाशा झाल्या. आम्ही वडापावच्या गाडीशी उभ्या राहिलो. कुणी काही खाल्लं नाही. बऱ्याच वेळाने सुजाता एकटी खाली आली. हेल्मेट काढायला तयार नव्हती. काच तेवढी वर केली. डोळे लाल होते.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही. वर पोचल्यावर म्हणाल्या, आता जा तू." तिने नाक ओढलं. "मला भूक लागलीय. तुम्ही खाल्लं का?"