ओला, सुका आणि आमची सोसायटी

सोसायटीचं सेक्रेटरीपद घेतलं की किस्से शोधत हिंडावं लागत नाही, ते दारात येऊन पडतात! वसईला एव्हरशाईन सिटीत आमची चार मजली बिल्डिंग. यंदा सेक्रेटरी मी. वीज वाचवायची आणि कचरा कमी करायचा, एवढंच मनावर घेतलं. कमी काहीच झालं नाही. माझं बीपी तेवढं वाढलं!

*

जिन्यातले दिवे भर दुपारी चालू. म्हणून मी प्रत्येक मजल्यावर बोर्ड लावला, ‘कृपया दिवसा दिवे बंद ठेवा.’

दुसऱ्या दिवशी पाहते तर दुसऱ्या मजल्यावरचा दिवा चालूच! त्याखाली रिटायर्ड कदमसाहेब उभे.

“कदमसाहेब, बोर्ड दिसला नाही?”

“दिसणार कसा, मॅडम? अंधारात अक्षर लागत नाही. म्हणून तर दिवा लावला!”

बोर्ड नीट वाचून ते घरात गेले. दिवा तसाच!

*

समोरच्या फ्लॅटमध्ये मानसी राहते. मे महिन्यात तिच्याकडे चहाला गेले. हॉलमधला एसी सोळावर आणि गॅलरीचं दार सताड उघडं! मी दार लावायला उठले.

“काकू, राहू दे ना! बंद केलं की सफोकेट होतं.”

“अगं, मग एसी बंद कर!”

“मग उकडतं!”

तिचा नवरा सोफ्यावर शाल गुंडाळून बसला होता. म्हणाला, “नका लावू हो काकू दार. तेवढीच जरा ऊब येते!”

*

ओल्या आणि सुक्या कचऱ्यासाठी घरोघर दोन-दोन बादल्या वाटल्या, झाकणवाल्या. महिन्याभराने तळमजल्यावरच्या पाटणकर वहिनींकडे डोकावले. एका बादलीत तांदूळ, दुसरीत गहू!

“वहिनी, आणि कचरा?”

“तो आपला एकाच पिशवीत. इतक्या छान बादल्यांत कचरा टाकायला मन होत नाही हो!”

*

हे सगळं हसण्यावारी नेलं असतं. पण एका सकाळी कचरा उचलणाऱ्या लक्ष्मीताईंचा हात कापला. मेथीच्या देठांत कुणीतरी फुटकी काचेची बरणी तशीच टाकली होती, कागदात गुंडाळायचेही कष्ट न घेता. रक्त थांबेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. टाके पडले.

संध्याकाळी मी मीटिंग बोलावली. बरणी कुणाची? मागून आवाज आला, “तिने ग्लोव्ह्ज घालायला नकोत का?”

माझं डोकंच फिरलं. “हात तिचा कापला आणि चूकही तिचीच?” मी ओरडले. चारचौघांत एवढा आवाज मी कधी चढवला नव्हता.

जखम भरेपर्यंत लक्ष्मीताई घरी होत्या. बरणीचा मालक आजवर सापडलेला नाही. ‘कचऱ्याचा वास येतो’ ही तक्रार मात्र दुसऱ्याच दिवशी घराघरांतून आली!

*

मग ठरवलं, ओल्या कचऱ्याचं आपणच खत करायचं. जवळच्या उमेळे गावात केळीची वाडी असलेले जनूकाका मदतीला आले. मागच्या अंगणात खड्डा करून दिला आणि बजावून गेले, “पानी बेताचं घाला बाई, आनि घाई करू नका.”

घाई केली नाही. खड्ड्यावर माशा घोंगावतात म्हणून बोलणी खाल्ली, नाकाला पदर लावून खत खालीवर केलं. दिवाळीच्या सुमारास ते तयार झालं. काळंभोर, भुसभुशीत! मला इतका आनंद झाला की स्वतः पिशव्या भरून घरोघर वाटल्या. म्हटलं, कुंड्यांना घाला.

सकाळी खाली गेले तर कचऱ्याच्या डब्यात खताची पिशवी. गाठसुद्धा सोडलेली नाही! तिसऱ्या मजल्यावरच्या शिंदेबाई तिथेच उभ्या होत्या.

“ही तुम्ही टाकलीत?”

“हो!” शिंदेबाई अभिमानाने म्हणाल्या. “आधी दाबून बघितली हं मॅडम. कोरडी लागली, म्हणून सुक्यातच टाकली!”